विश्वासू ठेकेदार कोणाला म्हणावे?

एका वाङ्मयीन आणि वैचारिक त्रैमासिकात संडासच्या टाकीवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. प्रश्न रास्त आहे. आपल्या साहित्याने गावकुसाबाहेरची झोपडी, पाणवठा, मसणवटा आणि मेलेले ढोर यांविषयी लिहिले. ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांची पुढची पिढी शिकली, नोकरीला लागली आणि शहरात प्लॉट घेऊन घर बांधू लागली. आज नागपुरात नारी, कपिलनगर, वांजरा, हुडकेश्वर, नरसाळा, बेसा, पिपळा या बाजूंना फिरले तर हे बदललेले चित्र डोळ्यांनी पाहता येते. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली मिळवलेले आर. एल. लेटर, भविष्य निर्वाह निधीतून काढलेला पैसा आणि बँकेचे कर्ज यांतून ही घरे उभी राहिली. यांतल्या कितीतरी ले-आउटांत माणसे आधी राहायला आली, गडर लाइन मात्र मागे राहिली. जिथे गडर लाइन नाही तिथे प्रत्येक घराखाली एक सेप्टिक टाकी आहे.

ही टाकी बांधणारा ठेकेदार कसा निवडावा, हा वरवर पाहता निव्वळ बांधकामाचा प्रश्न आहे. परंतु टाकी वाईट बांधली गेली तर तिची किंमत ठेकेदार देत नाही. तो पैसे घेऊन निघून गेलेला असतो. घरमालक थोडी देतो. सर्वांत मोठी किंमत देतो तो पाच-दहा वर्षांनी त्या टाकीत उतरवला जाणारा माणूस. तो माणूस बहुतेक वेळा कोणत्या जातीचा असतो, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. म्हणून विश्वासू ठेकेदार कोण, याची माझी कसोटी एकच आहे. ज्याने बांधलेल्या टाकीत पुढे कधीही माणसाला उतरावे लागणार नाही, तो विश्वासू. ही कसोटी व्यवहारात कशी लावायची, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

१. टाकी काय करते आणि काय करत नाही

टाकीचे काम समजल्याशिवाय ठेकेदाराची पारख होत नाही. म्हणून आधी ते पाहू.

संडासातून आलेले पाणी आणि मैला टाकीत काही काळ स्थिर राहतात. जड भाग तळाशी बसतो. तो गाळ होय. तेलकट व हलका भाग वर तरंगून साय धरतो. मधले त्यामानाने निवळ पाणी दुसऱ्या टोकाच्या नळीने बाहेर पडते. तळाच्या गाळावर हवेविना जगणारे जंतू काम करतात आणि तो कुजवून कमी करतात. पण तो पूर्ण नाहीसा होत नाही. तो साठत जातो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. बाहेर पडणारे पाणीही शुद्ध नसते. त्यात रोगजंतू असतातच. ते उघड्या नालीत सोडले तर आपल्या घरची हगवण दुसऱ्याच्या अंगणात जाते. म्हणून ते पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत जिरवायचे असते.

यासाठी भारतीय मानक संस्थेचे आय. एस. २४७० हे मानक आहे. त्यातल्या मुख्य गोष्टी कोणाही शिक्षित माणसाला ध्यानात ठेवता येतील. टाकीची क्षमता निदान १००० लिटर हवी. रुंदी पाऊण मीटरपेक्षा कमी नको आणि पाण्याची खोली एक मीटरपेक्षा कमी नको. लांबी रुंदीच्या दोन ते चार पट असावी, कारण पाणी जितके लांब अंतर चालते तितका गाळ नीट बसतो. पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली असलेली टाकी पुरते. दहा माणसांसाठी लांबी दोन मीटर आणि रुंदी ०.९ मीटर धरतात. पाण्याच्या पातळीवर आणखी सुमारे एक फूट जागा मोकळी ठेवायची असते.

आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही नळ्यांना 'टी' लावलेला असावा. 'टी' नसेल तर वरची साय सरळ बाहेर जाते आणि शोषखड्डा तुंबतो. बाहेर जाणारी नळी आत येणाऱ्या नळीपेक्षा सुमारे दोन इंच खाली हवी. टाकीत आडवी भिंत घालून दोन कप्पे केले तर पहिला कप्पा लांबीच्या दोन तृतीयांश असावा. वायू निघून जाण्यासाठी निदान ५० मिलिमीटर व्यासाची नळी घराच्या वर उंच न्यावी. पावसाचे पाणी टाकीत सोडू नये. पावसाचा लोंढा आला की बसलेला गाळ ढवळून निघतो आणि शोषखड्ड्यात जातो.

२. नागपूरची माती

टाकी नीट बांधली तरी शोषखड्डा फसला तर सगळे फसते. नागपूरभोवतीचे अनेक ले-आउट काल-परवापर्यंत कापसाची आणि तुरीची शेते होती. ही काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यात तिच्यात पाण्याची बादली ओतली तर पाणी भेगांतून क्षणात नाहीसे होते. ठेकेदार म्हणतो, 'पाहा सर, काय जमीन आहे.' तीच जमीन ऑगस्टमध्ये एक थेंब घेत नाही. शोषखड्डा उलटा भरतो आणि पाणी संडासच्या भांड्यापर्यंत येते. मुरूम लागला तर गोष्ट वेगळी आहे. मुरमात पाणी बरे जिरते.

याची परीक्षा सोपी आहे. शोषखड्डा जितका खोल घ्यायचा तितक्या खोलीपर्यंत एक अरुंद भोक खणावे. ते पाण्याने भरून माती रात्रभर भिजू द्यावी. दुसऱ्या दिवशी त्यात सहा इंच पाणी ठेवून, पातळी एक इंच खाली जायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे. तीस मिनिटांच्या आत इंचभर पाणी जिरले तर शोषखड्डा चालेल. त्याहून जास्त वेळ लागला तर तिथे शोषखड्डा खणणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. अशा वेळी टाकीपुढे गिट्टी भरलेला आणखी एक कप्पा बांधून त्यातून पाणी खालून वर चढवत गाळून घेण्याची पद्धत त्याच मानकात दिलेली आहे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट दूर हवा. हजार-पंधराशे चौरस फुटांच्या प्लॉटवर हे अंतर मिळणे कठीण असते. तेव्हा आपली विहीरच नव्हे, तर शेजाऱ्याची विहीर आणि बोअरसुद्धा मोजणीत घ्यावी लागते.

ज्यांच्याकडे जागा आहे आणि जमीन मुरमाड आहे त्यांनी, विशेषतः गावाकडे घर बांधणाऱ्यांनी, टाकीऐवजी दोन शोषखड्ड्यांच्या संडासाचा विचार करावा. देहू येथे सरकारी डॉक्टर म्हणून गेलेले डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी आयुष्यभर संडासांचा प्रचार केला. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला दोन वर्षे बंद राहिला की आतल्या मैल्याचे कोरडे, निर्धोक खत होते. ते कोणीही फावड्याने काढू शकतो. मग मैला काढणारी जात लागत नाही.

३. 'आपला माणूस'

आता ठेकेदाराकडे वळू. इथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. माझ्या वडिलांनी बांधकामावर मजुरी केली आणि आई रेजा म्हणून विटा वाहत होती. दोघांनी किती घरे उभी केली याचा हिशेब नाही. पण ठेकेदाराला काम देणारे म्हणून आम्ही पहिल्यांदा उभे राहिलो ते माझ्या नोकरीनंतर. अंदाजपत्रक कसे वाचतात हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. ज्याला काम दिले तो ओळखीतला होता, 'जयभीम' घालून बोलणारा होता. त्याने टाकीचे एकच ओळ लिहिले होते : 'सेप्टिक टँक, एक नग, लमसम.' वर तोंडी हमी दिली की ही टाकी जन्मात उपसावी लागणार नाही. आम्हाला ती हमी फार मोठी वाटली.

तिसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या बोअरच्या पाण्याला वास येऊ लागला, तेव्हा तपास केला. टाकीला तळच नव्हता. चार भिंती उभ्या करून वर स्लॅब टाकला होता. मैला सरळ जमिनीत जात होता. टाकी उपसावी लागणार नाही याचा अर्थ तो होता. वडिलांनी स्वतःच्या हातांनी लोकांच्या घरांचे कितीतरी पाये भरले होते, पण स्वतःच्या घराचा खड्डा खणला गेला त्या दिवशी ते दुसऱ्याच्या कामावर होते. रोजी बुडवणे परवडत नव्हते.

हा प्रसंग सांगण्याचा हेतू तक्रार करण्याचा नाही. विश्वास या शब्दाचा आपण काय अर्थ घेतो, हे तपासण्याचा आहे. जुन्या व्यवस्थेत विश्वास हा जातीचा होता. आपला तो आपला, परका तो परका. शतकानुशतके दुसऱ्यांनी फसवल्यामुळे आपल्या माणसावर डोळे मिटून विसंबण्याची सवय आपल्यालाही लागली, आणि ती समजण्यासारखी आहे. पण ओळख, नाते, समाज यांवर ठेवलेला विश्वास तपासायला कोणी धजत नाही. तपासले तर संबंध बिघडतात. जो विश्वास तपासता येत नाही त्याला श्रद्धा म्हणतात, आणि श्रद्धेने भिंतीला ओल येणे थांबत नाही. बुद्धाने आपले म्हणणेही पारखून घ्या असे सांगितले, असे आपण व्याख्यानांतून सांगतो. ते ठेकेदाराच्या अंदाजपत्रकालाही लागू केले पाहिजे. चांगला ठेकेदार तपासणीने दुखावत नाही. उलट, आपले काम पाहणारा मालक त्याला हवा असतो.

४. काम देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

ठेकेदाराशी बोलताना पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

पहिला प्रश्न : 'ही टाकी किती वर्षांनी उपसावी लागेल?' जो 'कधीच नाही' म्हणतो त्याला तिथेच नमस्कार करावा. एखादी पावडर किंवा औषधी जंतू टाकले की गाळ नाहीसा होतो, असे सांगणाऱ्यालाही तेच उत्तर द्यावे. जो 'दोन-तीन वर्षांनी' म्हणतो आणि गाडीची नळी कुठून घालायची ते दाखवतो, त्याच्याशी पुढे बोलावे.

दुसरा प्रश्न : 'मापे कशी धरली?' त्याने घरात किती माणसे आहेत, पुढे वरचा मजला चढवणार आहात का, भाडेकरू ठेवणार आहात का, हे विचारले पाहिजे. काहीच न विचारता मापे सांगणारा ठेकेदार सगळ्यांना एकच टाकी विकतो.

तिसरा प्रश्न : 'जमीन पाहिली का?' पाणी जिरण्याची परीक्षा करायला तयार नसेल तर तो शोषखड्ड्याची जबाबदारी घेणार नाही, हे समजून घ्यावे.

चौथा प्रश्न : 'पूर्वी बांधलेली टाकी दाखवाल का?' नुकतीच बांधलेली टाकी पाहून काही कळत नाही. तीन-चार पावसाळे काढलेली पाहावी आणि तिथल्या घरातल्या बाईला विचारावे. पावसाळ्यात संडासचे पाणी उतरते की नाही हे घरात तिला सर्वांत आधी कळते.

पाचवा प्रश्न : 'टाकी साफ करायला माणूस आत उतरवावा लागेल का?' या प्रश्नावर जो हसतो किंवा 'त्याची माणसे वेगळी असतात' असे म्हणतो, त्याचे काम कितीही स्वस्त असो, त्याला काम देऊ नये.

अंदाजपत्रकात 'एक नग' चालत नाही. खोदकाम, तळाचे काँक्रीट, विटांच्या भिंतीची जाडी, आतला सिमेंटचा गिलावा, मधली भिंत, नळ्या आणि 'टी', स्लॅब, झाकणे, हवेची नळी, शोषखड्डा अशा बाबी वेगवेगळ्या, मापासह लिहून घ्याव्यात. तयार प्लास्टिकची टाकी बसवायची असेल तर ती जमिनीत कशी जखडणार हे विचारावे. भूजल वर आले की रिकामी टाकी तरंगून वर येते आणि नळ्या तोडते. टाकीची जागा मंजूर नकाशात दाखवलेली असावी आणि प्रत्यक्षात तीच असावी.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत : खोदकाम व तळ, भिंती, पाण्याची परीक्षा, झाकण. शेवटचा थोडा भाग, समजा एक दशांश, एक पावसाळा उलटल्यावर द्यायचा असे लेखी ठरवावे. प्रामाणिक ठेकेदार यावर घासाघीस करील, पण नाही म्हणणार नाही.

५. माती लोटण्यापूर्वी

टाकी एकदा झाकली की तिचे खरेखोटे कळत नाही. सगळी फसवणूक या झाकण्यावर चालते. म्हणून निदान चार दिवस मालकाने किंवा घरातल्या कोणीतरी जागेवर हजर राहावे : तळाचे काँक्रीट पडते तेव्हा, आतला गिलावा होतो तेव्हा, नळ्या बसतात तेव्हा आणि पाणी भरून पाहतात तेव्हा. ज्याला रोजी बुडवणे शक्य नाही त्याने शेजारच्या शिकलेल्या पोराला उभे करावे आणि मोबाइलवर फोटो काढून घ्यावेत. आपल्या महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वस्तीतल्या चार टाक्यांची मापे घ्यायला लावली तर ते शिबिर वाया जाणार नाही.

पाण्याची परीक्षा अशी : टाकी काठोकाठ भरून चोवीस तास ठेवावी. कोरड्या भिंती काही पाणी पितात, म्हणून पुन्हा भरावी. त्यानंतरही पातळी उतरत राहिली तर टाकी गळते. गळकी टाकी पास करू नये.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. टाकीत माणूस का उतरवला जातो? त्याची कारणे मोजकी आहेत. पंधरा-वीस वर्षे उपसा न केल्याने गाळ दगडासारखा घट्ट होतो. झाकण लहान असते, किंवा दुसऱ्या कप्प्याला झाकणच नसते. झाकण फरशीखाली, जिन्याखाली किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गाडलेले असते. गाडी गल्लीत शिरत नाही आणि नळी पोचत नाही. आत विटांचे तुकडे, सेंट्रिंगच्या फळ्या आणि कापडाचे बोळे पडलेले असतात. यांतले एकही कारण दैवी नाही. प्रत्येक कारणामागे कोणाचा तरी निर्णय आहे, आणि बहुतेक निर्णय टाकी बांधतानाच घेतलेले आहेत. म्हणून प्रत्येक कप्प्यावर स्वतंत्र, मोठे, उघडता येईल असे झाकण हवे. टाकी रस्त्याच्या बाजूला हवी. गाडी जिथे उभी राहते तिथून नळी तळापर्यंत गेली पाहिजे. बांधकामाचा कचरा शेवटच्या दिवशी बाहेर काढलेला असावा. एवढे केले तर माणूस उतरवण्याचे कारणच उरत नाही.

६. नवी टाकीही जीव घेते

एक गैरसमज दूर केला पाहिजे. धोका फक्त भरलेल्या टाकीत असतो असे नाही. स्लॅब टाकल्यावर टाकी काही दिवस बंद राहते. आतली ओली लाकडे आणि साचलेले पाणी हवेतला प्राणवायू कमी करतात. मग सेंट्रिंग काढायला मजूर आत उतरतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. वापरात असलेल्या टाकीत याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतात. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास आधी येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजून माणूस पुढे पाऊल टाकतो.

ठेकेदार ठिय्यावरून रोजंदारीवर आणलेल्या पोराला सेंट्रिंग काढायला उतरवतो. तो पोरगा कोणाचा तरी एकुलता कमावता असतो. विश्वासू ठेकेदार स्लॅब टाकतानाच दोन्ही झाकणांची तोंडे मोकळी ठेवतो, सेंट्रिंग बाहेरूनच ओढून काढता येईल असे लावतो, किंवा आधी तयार केलेल्या फरश्या वर मांडतो म्हणजे आत सेंट्रिंग लागतच नाही. हे त्याला काम देण्यापूर्वी विचारावे. कोणी आत पडलाच तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. बाहेरून हवा सोडावी, दोर टाकावा आणि अग्निशमन दलाला बोलवावे. हे सांगताना जीव कातरतो, पण एका माणसामागे तिघे गेल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत.

७. उपसणारा ठेकेदार आणि कायदा

टाकी बांधणारा एक ठेकेदार आणि ती उपसणारा दुसरा. दुसऱ्याची निवडही तितकीच जबाबदारीची आहे. पंप बसवलेली गाडी घेऊन येतो का, मैला कुठे नेऊन रिकामा करतो, माणूस उतरवतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. रात्री नाल्यात गाडी रिकामी करणारा स्वस्त पडतो. तो मैला नाग नदीतून किंवा पिवळी नदीतून कन्हानला आणि पुढे वैनगंगेला मिळतो, आणि नदीकाठच्या गावांना तेच पाणी वापरावे लागते. याला पर्याय आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी शहरातल्या टाक्या तीन वर्षांच्या फेऱ्याने, तक्रारीची वाट न पाहता, गाडीने उपसण्याची पद्धत सुरू केली आणि मैल्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभारली. लहान नगरपालिकांना जे जमते ते नागपूरसारख्या महानगराकडे मागण्याचा आपला हक्क आहे.

कायदा काय म्हणतो तेही नीट समजून घेतले पाहिजे. १९९३ च्या कायद्याचा भर कोरड्या संडासांवर होता. त्यामुळे गटारे आणि टाक्यांत उतरणारा माणूस त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी अमलात आला. त्याच्या कलम ७ प्रमाणे कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी सुरक्षा साधनांशिवाय गटार वा सेप्टिक टाकी साफ करायला माणूस लावू शकत नाही, प्रत्यक्षपणे नाही आणि अप्रत्यक्षपणेही नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे. 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द घरमालकाने लक्षात ठेवावा. 'मी ठेकेदाराला सांगितले होते, त्याने कोणाला उतरवले मला माहीत नाही,' ही सबब या शब्दाने काढून घेतली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १९९३ पासून दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका गृहनिर्माण सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. काम खाजगी होते, ठेकेदार खाजगी होता. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांच्या विधवांना भरपाई देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आणि ती रक्कम जबाबदार असलेल्यांकडून वसूल करण्याची मुभा ठेवली. मिळालेल्या पैशाने माणूस परत येत नाही. पण ही केवळ दोन खाजगी माणसांतली बाब नाही, एवढे तरी न्यायालयाने मान्य केले.

८. आपला प्रश्न

शेवटी स्वतःला विचारायचा प्रश्न उरतो. १९५६ मध्ये याच नागपुरात आपल्या वडीलधाऱ्यांनी धम्म स्वीकारला आणि मेलेली ढोरे ओढण्याचे काम टाकून दिले. त्यासाठी गावोगावी बहिष्कार सोसला, उपास काढले. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की भारतात माणूस भंगी ठरतो तो कामावरून नव्हे, जन्मावरून. त्या कामाचे गोडवे गाणाऱ्यांचा त्यांनी समाचार घेतला, तो त्यासाठीच.

आज आपल्यातला शिकलेला माणूस दोन मजली घर बांधतो. दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर लावतो. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना भोजनदान करतो. आणि टाकी भरली की सुदर्शन किंवा वाल्मीकी समाजातल्या कोणाला तरी फोन करून विचारतो, 'किती घेशील?' तो माणूस बनियनवर आत उतरतो तेव्हा आपण नाकाला रुमाल लावून दूर उभे राहतो. या घटकेला आपण व्यवस्थेच्या कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे ज्याने त्याने तपासावे. मी ते तपासले तेव्हा मला उत्तर आवडले नाही.

आमच्या घरची टाकी नंतर नव्याने बांधली. या वेळी वडील चारही दिवस तिथे खुर्ची टाकून बसले होते. नवा ठेकेदार कोणत्या समाजाचा होता हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण निवडताना ते पाहिले नव्हते. त्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली, मापे लिहून दिली, पाणी भरून दाखवले आणि दोन्ही कप्प्यांवर झाकणे बसवली. काम पहिल्यापेक्षा महाग पडले. ती झाकणे फाटकाजवळ, रस्त्यावरून दिसतील अशी आहेत. पाहुणे म्हणतात, बरे दिसत नाही, वर कुंड्या ठेवा. वडील ठेवू देत नाहीत.